माजरीची काळी धूळ आणि जुन्या गाडीचे पथ्यपाणी

नागपूरहून चंद्रपूरकडे जाणारा सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता बुटीबोरी आणि जाम ही गावे मागे टाकून वरोऱ्याला पोहोचतो. तोवर दोन्ही बाजूंना दिसतात ती कपाशीची, तुरीची आणि सोयाबीनची शेते. वरोऱ्यानंतर मात्र भूमीचा रंग पालटू लागतो. रस्त्याच्या कडेची झाडे करडी दिसतात, क्षितिजावर मातीचे सपाट माथ्याचे डोंगर उभे राहतात आणि ते निसर्गाचे नसून खाणीतून उपसलेल्या मातीचे आहेत, हे जवळ गेल्यावर उमगते. महामार्ग सोडून पश्चिमेला वर्धा नदीच्या अंगाने वळले की माजरी येते.

माजरी हे भद्रावती तालुक्यातील कोळशाचे गाव. वर्धा खोऱ्यातील कोळशाच्या पट्ट्यावर ते वसले आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या माजरी क्षेत्राचे कार्यालय जवळच्या कुचना येथे आहे. तेलवासा, ढोरवासा, कुनाडा ही भोवतालची गावे आज खाणींच्या नावांनीच अधिक ओळखली जातात. माजरीचे स्थानक दिल्ली-चेन्नई या मुख्य लोहमार्गावर असून येथूनच वणी, पिंपळखुटी आणि पुढे आदिलाबादकडे फाटा फुटतो. म्हणून गाव लहान असले तरी स्थानकाच्या पाटीवर ‘जंक्शन’ असे लिहिलेले असते. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, अलीकडे चंद्रपूर. दोन्ही तीरांवरील बाजारपेठांत कापूस, धान्य, किराणा, कापड यांचा व्यापार करणारी जैन कुटुंबे पिढ्यान्पिढ्या नांदत आली आहेत.

या कुटुंबांना माजरीचा रस्ता दोन कारणांनी परिचित आहे. एक अर्थातच भद्रावतीचे केशरिया पार्श्वनाथ तीर्थ. जुन्या भांदकची ही भूमी विजासनच्या बौद्ध लेण्यांसाठी आणि भद्रनागाच्या मंदिरासाठीही प्रसिद्ध आहे. रेल्वे स्थानकाने तर भांदक हे नाव अजून जपले आहे. दुसरे कारण व्यवहाराचे. खाणी, चांदा आयुध निर्माणी, वीज केंद्र अशा ठिकाणी नोकरदार वर्ग मोठा. बदली झाली, निवृत्ती आली की घरातील गाडी विक्रीला निघते. एका मालकाने वापरलेली, कागदपत्रे चोख असलेली, किंमत आवाक्यातली अशी गाडी दुकानदार कुटुंबाला मानवते. नव्या गाडीत भांडवल अडकवण्यापेक्षा ते धंद्यात फिरते ठेवावे, हा हिशेबही त्यामागे असतो. हिशेब चुकीचा नाही. फक्त त्यातील एक खाते बहुधा उघडायचेच राहून जाते, आणि ते म्हणजे गाडीच्या पोटातील द्रवांचे.

गाडी पाहताना ग्राहक रंग पाहतो, टायर पाहतो, किलोमीटरचा आकडा पाहतो. एम.एच. ३४ म्हणजे चंद्रपूरची नोंदणी, एम.एच. २९ म्हणजे यवतमाळची, एम.एच. ३१ म्हणजे नागपूरची, इतके सर्वांना पाठ असते. नावावर करण्याचे २९ आणि ३० क्रमांकाचे अर्ज भरले, विमा आपल्या नावे करून घेतला की व्यवहार पुरा झाला असे वाटते. परंतु गाडी चालते ती पत्र्यावर नव्हे. इंजिनाचे तेल, थंड ठेवणारे कूलंट, ब्रेकचे तेल, गिअरचे तेल, बॅटरीतील पाणी आणि काच धुण्याचे पाणी या अर्धा डझन द्रवांवर तिचा आणि तिच्यात बसलेल्यांचा जीव अवलंबून असतो. दुकान विकत घेतले तर पहिल्या दिवशी आपण आतला माल मोजून घेतो. गाडीच्या बाबतीत ही शिल्लक-मोजणी फारच थोडे लोक करतात.

माजरीसारख्या ठिकाणी ती का अधिक अगत्याची, हे तेथील हवाच सांगते. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जाणे ही बातमी नसून नेहमीची गोष्ट आहे. डांबर मऊ पडते, उभ्या गाडीचे दार हाताला चटका देते. त्यात कोळशाची धूळ. ती ट्रकांच्या ताडपत्रीखालून गळते, चाकांखाली दळली जाते आणि पुन्हा हवेत उठते. दिवाळीनंतरच्या कोरड्या महिन्यांत वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर ती दिसते. गाडीच्या हवेच्या गाळणीतही तीच बसते, आणि गाळणी दुर्लक्षित राहिली तर सूक्ष्म कण इंजिनात शिरून तेलात मिसळतात. मऊ वंगणाचा मग घासणीचा लेप होतो.

इंजिनाचे तेल

वंगण ही कल्पना या मुलखाला नवी नाही. हिंगणघाट, वणी, वरोरा या बाजारांत कापसाच्या बैलगाड्यांच्या रांगा लागत, त्या काळी प्रत्येक गाडीवानापाशी वंगणाचे डबडे असे. आस कोरडा पडला की चाक कुरकुरे, बैल थके आणि शेवटी लाकूड जळू लागे. मोटारीचे इंजिन मात्र कुरकुरून फारशी सूचना देत नाही. तेलाचा लाल दिवा लागेपर्यंत पुष्कळ वेळा हानी होऊन गेलेली असते.

तपासणी मात्र सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे तेल खाली उतरू द्यावे. मग तेलाची पट्टी बाहेर काढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी. तेलाची रेघ खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये, शक्यतो वरच्या खुणेजवळ असावी. खालच्या खुणेखाली असणे धोक्याचे. वरच्या खुणेच्या फार वर असणेही हिताचे नाही, कारण जास्त तेल फेसाळते आणि फेसाला वंगणाचा गुण राहत नाही.

रंगही बोलतो. डिझेल गाडीचे तेल थोड्याच दिवसांत काळे होते. त्याने घाबरण्याचे कारण नाही. तेल दुधाळ, कॉफीसारखे दिसले तर मात्र त्यात पाणी मिसळले आहे असे समजावे. हेड गॅस्केट गेलेली असू शकते, किंवा गाडी पुरात उभी राहिलेली असू शकते. वर्धा नदीला पूर येतो तेव्हा काठची गावे आणि रस्ते पाण्याखाली जातात. म्हणून या खोऱ्यात पावसाळ्यानंतर विक्रीस आलेल्या गाडीची पट्टी पाहिल्यावाचून बयाणा देऊ नये. आसनांखालील गालिचा उचलून गाळाचा वास येतो का, हेही पाहावे.

उत्पादकाच्या पुस्तिकेत तेल बदलण्याचे अंतर दिलेले असते. त्याच पुस्तिकेत बहुधा एक छोटी टीपही असते की, धुळीच्या रस्त्यावर, अति उष्णतेत किंवा सतत लहान लहान फेऱ्यांत वापर असेल तर हे अंतर कमी धरावे. माजरी-कुचना-भद्रावती परिसरात या तिन्ही गोष्टी एकत्र नांदतात. दुकान ते गोदाम, गोदाम ते स्थानक अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापतही नाही आणि तेलातील ओलावा उडून जात नाही. जुन्या गाडीची मागील नोंद हाती नसेल तर विक्रेत्याच्या शब्दावर न जाता पहिल्याच आठवड्यात तेल आणि त्याची गाळणी दोन्ही बदलून घ्यावी. तेल कोणते घालायचे, ५डब्ल्यू-३० की आणखी काही, हे पुस्तिकेवरून ठरवावे. गॅरेजात कोणता डबा उघडा आहे त्यावरून नव्हे.

थंड ठेवणारे पाणी

‘आपल्याकडे बर्फ कुठे पडतो? मग कूलंट कशाला?’ हा प्रश्न विदर्भात सर्रास ऐकू येतो. प्रश्न रास्त वाटला तरी त्यामागची समजूत अपुरी आहे. कूलंटमधील ग्लायकोल पाण्याला गोठू देत नाही, तसेच लवकर उकळूही देत नाही. साधे पाणी १०० अंशांवर उकळते. निम्मे ग्लायकोल व निम्मे शुद्ध पाणी यांचे मिश्रण १०७ अंशांच्या आसपास. रेडिएटरचे दाबाचे झाकण नीट असेल तर हीच मर्यादा १२० अंशांच्या पुढे जाते. बाहेर ४६ अंश, आत पाच माणसे, वातानुकूलन चालू आणि पुढे कोळशाच्या ट्रकांची संथ रांग, अशा वेळी हे वरचे अंशच कामाला येतात.

दुसरा लाभ गंजरोधाचा. बोअरचे जड पाणी रेडिएटरमध्ये घालत राहिले की चहाच्या भांड्याला बसतो तसा क्षारांचा थर बारीक नळ्यांत बसतो. पाण्याचा पंप झिजतो, ॲल्युमिनियमचा भाग कुरतडला जातो. अडचणीच्या प्रसंगी बाटलीतील पिण्याचे पाणी घालून गाव गाठावे, पण घरी पोहोचल्यावर ते काढून योग्य मिश्रण भरून घ्यावे. वेगवेगळ्या जातींची कूलंटे एकमेकांत मिसळू नयेत; एकच रंग म्हणजे एकच जात, असेही नाही.

पातळी पाहायची ती इंजिन थंड असताना, बाजूच्या पारदर्शक टाकीवर. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाबाखालचे उकळते पाणी क्षणात तोंडावर उडते, आणि भाजण्याच्या अशा घटनांत बहुधा घाईच कारणीभूत असते. तापमानाचा काटा वर चढला तर वातानुकूलन बंद करून गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्यावी, इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा तास शांत बसावे. टाकी दर महिन्याला खाली जात असेल तर वरून भरत राहणे हा उपाय नव्हे. गळती शोधली पाहिजे.

ब्रेकचे तेल

सहा द्रवांपैकी सर्वांत उपेक्षित आणि सर्वांत निर्णायक द्रव हाच. ब्रेकचे पायडल दाबले की हे तेल तो दाब चारही चाकांपर्यंत पोहोचवते. ते हवेतील ओलावा शोषून घेते, आणि हा त्याचा स्वभावच आहे. डॉट ४ प्रतीचे ताजे तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पुरेसा ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरलेली चालते, असे प्रमाण सांगते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. वारंवार ब्रेक लावावे लागले की चाकांपाशी उष्णता साचते. तेल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, पायडल तळाला जाते आणि गाडी मात्र थांबत नाही.

वातानुकूलन बिघडले तर प्रवास त्रासाचा होतो. ब्रेक गेला तर प्रवासच संपतो. म्हणून तेल कितीही स्वच्छ दिसो, साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे, अशी शिफारस बहुतेक उत्पादक करतात. विकत घेतलेल्या गाडीत ते शेवटचे कधी बदलले हे कोणालाच आठवत नसेल, तर ते बदललेले नाही असेच धरून चालावे. खर्च फार नाही. एखाद्या लग्नाच्या आहेराहून कमीच.

पातळी खाली गेली तर दोनच कारणे संभवतात. ब्रेकचे पॅड झिजले किंवा तेल कोठेतरी गळते. दोन्ही स्थितींत नुसते वरून तेल ओतणे म्हणजे आजाराचे लक्षण झाकणे. उघडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नये, कारण तिने आधीच ओलावा घेतलेला असतो. इंजिनाचे तेल चुकूनही या टाकीत जाऊ देऊ नये. रबरी सील फुगून ब्रेक निकामी होतात. हे तेल रंगावर सांडले तर रंग उठतो, म्हणून लगेच पाण्याने धुवावे. पुष्कळ गाड्यांचा क्लचही याच तेलावर चालतो, हे ध्यानात असावे.

उरलेले तीन, आणि एक नवा

गिअरचे तेल नजरेआड असते. गाडी उभी राहते तेथे जमिनीवर डाग पडतो का, हे सकाळी पाहण्याची सवय लावली तर त्याची गळती कळते. घरासमोर नवी घेतलेली गाडी रात्रभर जुन्या पुठ्ठ्यावर उभी करावी. लालसर डाग बहुधा स्टिअरिंगच्या किंवा स्वयंचलित गिअरच्या तेलाचा, काळा-तपकिरी इंजिनाचा, हिरवा किंवा गुलाबी कूलंटचा. स्वच्छ पाणी असेल तर ते वातानुकूलनाचे, त्याची चिंता नको. अलीकडच्या अनेक लहान गाड्यांचे स्टिअरिंग विजेवर चालते, तेथे तेलाचा प्रश्नच येत नाही.

बॅटरीला झाकणे असतील तर उन्हाळ्यात दर महिन्याला पाणी पाहावे आणि फक्त डिस्टिल्ड पाणीच घालावे. आतले पाणी आम्लयुक्त असते, म्हणून लहान मुलांना त्या वेळी दूर ठेवावे.

काच धुण्याच्या पाण्याला कोणी द्रव मानतच नाही. माजरीच्या रस्त्यावर मात्र त्याचे मोल निराळे. कोळशाची कोरडी धूळ बसलेल्या काचेवर नुसता वायपर फिरवला तर बारीक ओरखडे उठतात, आणि संध्याकाळी समोरच्या दिव्यांचा प्रकाश त्यांवर पसरून रस्ता दिसेनासा होतो. पहिल्या पावसाच्या वेळी तर धूळ आणि पाणी मिळून काचेवर काळा राडा होतो, रस्ताही त्याच राड्याने निसरडा होतो. टाकी भरलेली असणे आणि वायपरचे रबर मऊ असणे, एवढीच त्यावरची तजवीज.

२०२० च्या एप्रिलपासून बीएस ६ मानक लागू झाले, त्यानंतरच्या काही डिझेल गाड्यांत युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी असते. हे द्रावण डिझेलच्या टाकीत किंवा डिझेल त्या टाकीत गेले तर दुरुस्ती फार महाग पडते. अशी गाडी घेताना दोन्ही झाकणे घरातील प्रत्येक चालकाला दाखवून ठेवावी.

सांडलेल्या थेंबाचा हिशेब

खाणीच्या गावात काळेपणाची सवय होते, म्हणून गॅरेजामागच्या नालीत सोडलेले जळके ऑइल कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही. पाऊस आला की ते वाहते, शेतात उतरते, शेवटी वर्धेकडे जाते. पाण्यावर तेलाचा तवंग आला की त्याखालच्या जिवांना हवा मिळत नाही. वापरलेल्या तेलाला २०१६ च्या घातक कचरा नियमांनी बंधन घातले आहे. ते अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवे. तरीही कोणी ते दारांच्या लाकडाला फासतात, कोणी भट्टीत जाळतात.

कूलंटचा धोका याहून फसवा आहे. ग्लायकोल चवीला गोड असते. रस्त्याकडेचा कुत्रा, मांजर, तहानलेले वासरू ते चाटते आणि त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. थोडीशी मात्राही घातक ठरू शकते. उन्हाळ्यात माजरीच्या परिसरात पाण्याचे डबके दुर्मीळ, तेव्हा गाडीखाली साचलेला तो हिरवा ओघळ मुक्या जिवाला पाणीच वाटणार. जे कुटुंब पाणी गाळून पिते आणि उन्हाळ्यात पक्ष्यांसाठी परळ भरून ठेवते, त्याच्या गाडीतून असा थेंब गळत राहावा हे विसंगत आहे. सांडलेल्या कूलंटवर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून ते टिपून घ्यावे, जागा पुष्कळ पाण्याने धुवावी, उरलेली बाटली झाकण घट्ट लावून उंचावर ठेवावी. गॅरेजवाल्याला काढलेले तेल डब्यात साठवायला सांगणे आणि तसे न करणाऱ्याकडे पुन्हा न जाणे, हे तर प्रत्येक ग्राहकाच्या हाती आहे.

रस्ता पुढे जंगलाचा आहे

भद्रावतीचे दर्शन झाल्यावर पुष्कळ कुटुंबे मुलांच्या आग्रहाखातर ताडोब्याकडे वळतात. मोहर्लीच्या वाटेवर काही भागांत दुकान नाही, गॅरेज नाही, मोबाइलचा आवाजही तुटक येतो. वस्ती मागे पडली की दोन्ही बाजूंना सागवान आणि बांबू. अशा ठिकाणी, सूर्यास्तानंतर, वाफ सोडणाऱ्या गाडीपाशी वृद्ध आईवडील आणि लहान मुले यांना घेऊन उभे राहणे म्हणजे काय, याची कल्पना घरी बसून करणे बरे. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम पाळणाऱ्या घरांत तर वेळेचे गणित आधीच काटेकोर असते. ते एका लिटर कूलंटसाठी कोलमडू नये.

उपाय साधा आहे आणि व्यापारी घराण्यांना तो शिकवण्याची गरज नाही. दुकानात रोजची रोकड मिळवल्याशिवाय दिवा मालवला जात नाही, तशीच गाडीची एक छोटी वही असावी. तारीख, किलोमीटर, कोणता द्रव पाहिला, किती घातला, कोणता बदलला, एवढ्या पाच रकाने पुरेत. पंधरा दिवसांतून एका सकाळी, इंजिन थंड असताना, दहा मिनिटांत हे काम होते. हे काम घरातील तरुण मुला-मुलींकडे सोपवावे. त्यांना यंत्राची ओळख होते आणि जबाबदारीचीही. तीन महिन्यांत वहीच सांगू लागते की तेल किती खर्च होते, कूलंट कोठे जाते, कोणत्या भागाकडे लक्ष द्यायला हवे. उद्या ती गाडी विकायची झाली तर हीच वही खरेदीदारासमोर ठेवता येते, आणि चोख वहीला बाजारात नेहमीच भाव असतो.

माजरीच्या स्थानकावरून कोळशाच्या मालगाड्या रात्रंदिवस जातच असतात. थांबलेल्या गाडीच्या चाकांपाशी कर्मचारी वाकून पाहताना दिसतात. इतक्या वजनाची गाडी तपासल्यावाचून पुढे सोडायची नाही, हा रेल्वेचा जुना शिरस्ता आहे. घरच्या गाडीत कोळसा नसतो, माणसे असतात. तिच्यासाठी दहा मिनिटे वाकायला हरकत नसावी.